रिकाम्या पोकळीतली रेषा

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे, इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचा. हे नाव तुमच्या जिभेवर बसले नाही तरी हरकत नाही. आमच्या विभागप्रमुखांच्याही अजून बसलेले नाही.

दोन जाडजूड लोखंडी ध्रुव, त्यांच्यामध्ये धातूची छोटी पोकळी आणि तिच्या माथ्यावर पेन्सिलीएवढे भोक, हा माझा देह. त्या भोकातून काचेच्या नळीत पदार्थ सोडतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हे एक इवलेसे चुंबक असते. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. मी चुंबकीय क्षेत्र लावतो, सूक्ष्मलहरी सोडतो, आणि स्पिन त्या कुठे व किती शोषतात ते पडद्यावर रेषा काढून सांगतो. मी खोटे बोलत नाही. पोकळीत जे असेल ते दाखवतो.

माझे तरुणपण पुण्याच्या एका संस्थेत गेले. तिथे मला कोणी हार घातला नाही, पण रोज पुसले. नवे यंत्र आल्यावर मला टेम्पोत चढवून नगर जिल्ह्यातल्या या कॉलेजात धाडले. इथे नेमके उलटे आहे.

माझ्याकडे खरे काम घेऊन येणारी एकटी प्रणिता. ती पीएच.डी. करते. तिने तांब्याच्या क्षाराचे निळे स्फटिक स्वतः वाढवले होते. त्यांत स्पिन साखळीसारखे एका ओळीत असतात. प्रत्येकाची ओळख फक्त पुढच्या-मागच्याशी. गारवा वाढला की शेजारी शेजाऱ्याशी जोडी बांधतो, दोघे एकमेकांना रद्द करतात आणि त्यांची रेषा विरत जाते. ती कशी विरते, हेच तिला मोजायचे होते.

गारव्यासाठी द्रव नायट्रोजन लागे. आमचे परिचर छगनमामा तो तिसगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून आणत. तिथे त्यात वळूचे वीर्य टिकवतात.

"मॅडम, डॉक्टर इचारत हुता, तुमचं मशीन गाभन ऱ्हायलं का?"

"त्यांना सांगा मामा, सध्या भाकड आहे."

दसऱ्याला आप्पासाहेब सरांनी माझी पूजा मांडली. हे आमचे विभागप्रमुख आणि प्रणिताचे मार्गदर्शक. उत्तर ध्रुव कोणता हे त्यांना विचारावे लागते, कॅमेरा कुठे आहे हे विचारावे लागत नाही. हळदकुंकू झाले, झेंडूचा हार झाला.

"छगन, केळं कुठंय? उदबत्ती कशात खोचू?"

"केळी इसरली, सर."

सरांनी इकडेतिकडे पाहिले आणि पेटती उदबत्ती माझ्या माथ्यावरच्या भोकात खोचली.

"बघा, जणू त्यासाठीच केलंय!"

सगळे हसले, फोटो निघाला. राख आणि जळके कण माझ्या पोकळीत उतरले. जळक्या कणांतही एकटे स्पिन असतात, हे सर स्वतः वर्गात शिकवतात. शिकवणे आणि ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दसऱ्यानंतर पडद्यावर एक नवी, बारीक रेषा उभी राहिली. सर हरखले.

"साखळी तुटली की टोकाला एकटा स्पिन उरतो. ही त्याचीच रेषा! शोध आहे हा. शोधनिबंध पाठवू, पहिलं नाव तुझं."

"सर, एकटा स्पिन गारव्यात जास्त शोषतो. ही रेषा जराही वाढत नाही. नळी गार होते, पोकळी होत नाही. म्हणजे रेषा पोकळीची आहे. मी रिकामी मोजून पाहिली, तरी ती दिसतेच."

"काहीतरी उरलं असेल आत. प्रबंधावर माझी सही हवीय ना तुला?"

सही हवीच होती. पण शोध खोटा निघाला असता, तर पहिले नाव तिचेच बुडणार होते. सर मात्र दुसऱ्या नावावर सुखरूप तरंगले असते.

मग एके दिवशी सर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना आणि वार्ताहरांना घेऊन आले. शोध प्रत्यक्ष दाखवायचा होता. प्रणिताने निळ्या स्फटिकाची नळी उचलली.

"जरा धरता का, सर?"

सरांनी तिच्याकडे न पाहता ती धरली. ते अध्यक्षांना साखळी समजावत होते, चुकीची. प्रणिताने मला सुरू केले. पडद्यावर बारीक रेषा उमटली.

"हीच ती!" सर नळीनेच पडद्याकडे बोट करत म्हणाले. "आपल्या स्फटिकाच्या पोटातून आलेली!"

"सर," प्रणिता हळूच म्हणाली, "स्फटिक तुमच्या हातात आहे."

अध्यक्ष ऊस पिकवणारे. त्यांना स्पिन कळत नव्हता, पण हात कळत होता. "मग आत काय हाय?" त्यांनी विचारले.

शोधनिबंध गेला नाही. प्रणिताने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने मला आतून पुसले. बोळा काळा निघाला आणि ती रेषा नाहीशी झाली. मग स्फटिकाची खरी रेषा गारव्यात कशी शांतपणे विरते, ते तिने मोजले. प्रबंधावर सही झाली. "मला आधीपासून शंका होतीच," असे सर आता सांगतात.

यंदाच्या दसऱ्याला ते पुन्हा हार घेऊन आले. माथ्यावरच्या भोकात प्रणिताने रबरी बूच बसवले होते. छगनमामांनी केळी आणली होती. सरांनी उदबत्ती केळ्यात खोचली. केळ्याची हरकत नव्हती; केळे काही मोजत नाही.

मित्रांनो, मला ओवाळू नका, मला पुसा. आणि माझ्यात काहीही ठेवण्याआधी मला एकदा रिकामे मोजा. रिकाम्यातही रेषा दिसली, तर आधी स्वतःचे हात पाहा.