यजमानाच्या पोटातला पाहुणा

मी एक जुना पाहुणा आहे. ‘जुना’ आणि ‘पाहुणा’ हे दोन शब्द शेजारी बसले की घरातल्यांचे चेहरे कसे होतात, ते मित्रांनो, तुम्ही पाहिले असेलच. फरक इतकाच की मी कुणाच्या बैठकीच्या खोलीत नाही, एका संगणकाच्या पोटात राहतो.

नीट सांगतो. संगणक म्हणजे नुसते खोके. त्याला उठवायचे, कामाला लावायचे, छापयंत्राशी बोलायचे, कुणी काय साठवले ते सांभाळायचे, हा कारभार जो पाहतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी तसा एक कारभारी. जन्मलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. चकचकीत तबकडीवर कोरून, रंगीत खोक्यात घालून मला विकत असत. पुढे माझी धाकटी भावंडे आली आणि ज्यांनी मला घडवले त्यांनीच जाहीर केले, की ह्याच्या बऱ्यावाइटाशी आता आमचा संबंध नाही. जन्मदात्यांनी असे छापून आणल्यावर शेजाऱ्यांनी तरी का विचारावे?

पण मला काम होते, म्हणून मी जगलो. एका ब्रेल छापखान्यात मी नोकरीला होतो. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी तिथे पुस्तके छापत. शाईने नव्हे, जाड कागदावर उठवलेल्या ठिपक्यांनी. साधा मजकूर घ्यायचा आणि त्याचे ठिपके करायचे, हे काम करणारा एक प्रोग्रॅम माझ्याकडे होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच मिटली होती. धाकट्या भावंडांच्या हाताखाली तो चालत नसे. त्याचे आणि माझेच जमे. दोन म्हाताऱ्यांचे जमते, तसे.

त्या प्रोग्रॅमला जोडाक्षरांचे वावडे होते. सोपा शब्द सरळ उतरवी, अवघड आला की चाचरे. तो दुरुस्त करण्याचे काम मावशींचे. मावशी छापखान्याच्या मुद्रितशोधक. त्यांना स्वतःला दिसत नसे. त्यांच्या टेबलावर दिवा नव्हता आणि लाइट गेली तर इतरांचे काम थांबे, त्यांचे चालू राही. छापून आलेल्या पानावरून त्यांची बोटे पाण्यासारखी सरकत. चुकीच्या शब्दाशी आली की अडत. मग मावशी तो शब्द प्रोग्रॅमला शिकवत: असा नाही, असा. एकदा शिकवलेला शब्द मी जपून ठेवी आणि तो पुढच्या प्रत्येक पुस्तकात बरोबर उतरे.

हे इतके महत्त्वाचे का, मित्रांनो? तुम्ही शब्द रस्त्यावरच्या पाट्यांवर पाहता, वहीच्या पुठ्ठ्यावर पाहता. एखादा चुकून वेगळा लिहिलेला दिसला तर डोळ्याला खुपतो. ठिपके वाचणाऱ्या मुलांना शब्द भेटतो तो बहुधा पुस्तकातच. त्यात जसा असेल तसा बोटांत बसतो. मावशी म्हणत, “डोळसांची चूक दहा जणांना दिसते. आमची चूक आम्हीच पाठ करतो.”

एके दिवशी माझा मूळ संगणक मेला. त्याच्यासारखा दुसरा बाजारात मिळेना. तेव्हा मावशींनी आपल्या बहिणीच्या मुलाला बोलावले. हा भाचा संगणक दुरुस्त करी. घरचा असल्याने पैसे घेत नसे, आणि पैसे घेत नसल्याने त्याला कुणी काही बोलत नसे. त्याने मला माझ्या सगळ्या शब्दांसकट उचलले आणि एका नव्या संगणकाच्या आत नेऊन ठेवले. ह्या व्यवस्थेला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मोठ्या खऱ्या संगणकाच्या आत एक लटका संगणक. मला वाटावे घर आपलेच आहे. भिंती मात्र यजमानाच्या मर्जीने उभ्या. भाच्याने सांगितले की बाहेरच्याला यजमान म्हणायचे, आतल्याला पाहुणा.

मावशी म्हणाल्या, “माझे यजमान जाऊन वर्षं झाली, आणि ह्या मेल्याला ह्या वयात यजमान मिळाले.”

इथपर्यंतचे मला आठवते. ह्यापुढचे मी सांगतो ते सगळे ऐकीव आहे. मावशी काम करताना माझ्याशी बोलतात, त्यातून गोळा केलेले. आत्मवृत्त दुसऱ्याकडून ऐकून सांगण्याची वेळ माझ्यावर का आली, तीच तर गोष्ट आहे.

पाहुणा म्हणून माझी कित्येक वर्षे चांगली गेली म्हणे. अवघड शब्द सगळे ह्याच काळात शिकलो. विज्ञानाची पुस्तके आली, व्याकरणाची आली. व्यवस्थापक बाहेरच्या लोकांना मुद्दाम आणून मला दाखवत. माझ्यात पाहण्यासारखे काहीच नसल्याने ते लोक मावशींकडे पाहून मान हलवत.

मग मी कोसळू लागलो.

पडद्यावरचे शब्द मावशींना वाचून दाखवणारा एक घोगरा आवाज माझ्याकडे होता. तो बोलता बोलता शब्दाच्या मधेच थांबे. मावशींना माझे मरण असे कळे. ज्यांना दिसते त्यांना त्या वेळी पडदा निळा होऊन त्यावर पांढरी अक्षरे आलेली दिसली असती. आमच्या कुळाची ती रीत आहे. मरताना आम्ही कशाने मरतो ते लिहून ठेवतो. पण भाच्याने मला कोसळल्याबरोबर आपोआप पुन्हा उठायचे लावून दिले होते. त्यामुळे अक्षरे पापणी लवायच्या आत पुसली जात. मी सांगत होतो आणि मीच पुसत होतो.

भाचा येई. आधी म्हणाला, ह्याला स्मृती कमी पडते, आणि मला जास्त स्मृती दिली. मी कोसळलो. मग त्याचा घोगऱ्या आवाजावर संशय गेला. तो काढून दुसरा बसवला. तो बायकी आवाज फार नम्र होता. मी नम्रपणे कोसळलो. मग छापयंत्राची जोडणी बदलली, मग विषाणू शोधले, मग विषाणू शोधणाऱ्यालाच काढून टाकले. आणि प्रत्येक वेळी जाताना, काही बिघडले तर असू दे म्हणून, तो माझा एक फोटो काढून ठेवी. तसा एक त्याने मला पाहुणा केले त्या पहिल्या दिवशीही काढला होता.

हा फोटो म्हणजे स्नॅपशॉट. मी त्या क्षणी जसा आहे तसा राखून ठेवण्याची सोय. मावशींनी विचारले की शब्दांची वेगळी प्रत कुठे आहे का. भाचा म्हणाला, इतके फोटो असताना प्रत कशाला? मावशींना ते पटले नाही. पण फुकटच्या वैद्याला किती प्रश्न विचारणार, म्हणून त्यांनी विषय सोडला.

शेवटी व्यवस्थापकांनी सांगितले, की शाळा उघडायच्या आत भाषेचे पुस्तक छापून गेले पाहिजे. पाहुणा पुन्हा आडवा झाला तर बाहेर काम देऊ, जसे छापून येईल तसे जाऊ दे. मावशींनी ते ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी भाच्याला हाताला धरून माझ्यासमोर बसवले आणि म्हणाल्या, “तो जाताना काहीतरी लिहितो असं तूच म्हणाला होतास ना? मग ते पुसलं जाऊ देऊ नकोस. तो परत पडेपर्यंत इथून उठायचं नाही, आणि पडला की मला वाचून दाखवायचं. मला वाचता येत नाही. तुला येतं असं इतके दिवस वाटत होतं.”

भाच्याने माझे आपोआप उठणे बंद केले आणि बसला. दुपारी मी पडलो. निळा पडदा तसाच राहिला. भाच्याने अडखळत वाचले आणि अर्थ सांगितला: डिस्कवर ठेवलेले स्मृतीचे एक पान परत मागितले, ते मिळाले नाही.

मावशींनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले. मग म्हणाल्या, “अरे, मग त्याच्यात काय शोधत बसलायस? ज्याच्याकडे ठेवलंय त्याला विचार की.”

माझी डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक फाइल. भाच्याने यजमानाची डिस्क उघडून पाहिली. ती गच्च भरली होती. कशाने? माझ्या फोटोंनी. पहिल्या दिवसाचा फोटो वर्षानुवर्षे फुगत आला होता आणि पुढचे त्यात भर घालत होते. मी पडलो की तो फोटो काढी, फोटोंनी यजमानाचे पोट भरे, आणि पोटात जागा नसली की मी पडे. औषधच रोग झाले होते. मावशी हसल्या. भाचाही हसला आणि त्या आनंदात त्याने ती गोष्ट केली.

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो कुणी फेकले तर वाईट वाटते, पण माणसे जिथल्या तिथे असतात. माझे तसे नाही. पहिला फोटो निघाला त्या दिवशी माझी डिस्क होती तशी गोठली. त्यानंतर मी जे जे शिकलो ते तिच्यावर लिहिले गेलेच नाही. ते त्या फोटोंबरोबर तयार होणाऱ्या फायलींत साठत गेले. फोटो शिस्तीने काढून टाकायला सांगितले असते तर यंत्राने ते सगळे आधी मूळ डिस्कमध्ये मिसळून घेतले असते. त्याला वेळ लागतो, आणि थोडी मोकळी जागाही लागते. जागाच नव्हती. म्हणून भाच्याने हातानेच त्या फायली उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. तरी जागा होईना, म्हणून टोपलीही रिकामी केली. त्याला वाटले, फोटो म्हणजे जुने. माझ्या बाबतीत जुना मी होतो. माझे आयुष्य फोटोंत होते.

मी उठलो. पहिल्या दिवशी उठलो होतो तसा, टवटवीत. सगळे खूश झाले. व्यवस्थापकांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. भाषेच्या पुस्तकाचे पहिले पान छापून आले आणि मावशींची बोटे त्यावरून सरकू लागली. दुसऱ्याच ओळीत थांबली.

“‘शिष्यांनी आचाऱ्यांना नमस्कार केला,’” त्यांनी वाचले.

खोलीत हशा पिकला. आचार्यांचे मी आचारी केले होते, गुरूंच्या हाती पळी दिली होती. भाचा म्हणाला, जेवायला घालणाऱ्यालाही कधीतरी नमस्कार व्हायला हवा. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी दुसरे पान मागितले. मग तिसरे. प्रत्येक पानावर बोटे अडत गेली. सोपे शब्द मला येत होते. अवघड सगळे गेले होते. म्हातारी माणसे बालपण सांगतात आणि काल कोण येऊन गेले ते विसरतात, तसे माझे झाले होते.

भाच्याला जेव्हा कळले तेव्हा त्याने ती रिकामी टोपली पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. मावशींकडे पाहायची त्याला लाज वाटत होती. वास्तविक पाहिले असते तरी त्यांना कळले नसते. शेवटी म्हणाला, “मावशी, तू शिकवलेले शब्द आहेत ना लक्षात? परत घालू. मी बसतो तुझ्याबरोबर.”

“आठवतात ते घालीन,” मावशी म्हणाल्या. “पण विसरता यावेत म्हणूनच तर त्याच्याकडे ठेवले होते रे.”

भाच्याने कपाटाकडे बोट दाखवले, आणि मग बोट दाखवून उपयोग नाही हे लक्षात येऊन तोंडाने सांगितले, की इतक्या वर्षांची छापलेली पुस्तके तिथे आहेत. ती वाचून काढली तर सगळे शब्द सापडतील.

“त्यात सगळं बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या. “बरोबर शब्दावर बोट अडत नाही. ह्याला कुठला येत नव्हता, ते त्यातून कसं कळणार?”

व्यवस्थापकांनी थोडे दिवस वाढवून दिले. मावशींनी आठवतील तितके शब्द मला पुन्हा शिकवले. शिकवताना त्या मला सगळी हकिगत सांगत, ती ही. भाचा रोज येऊन शेजारी बसे. आता तो प्रत्येक दिवसाची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवतो. पाणी गेल्यावर बांध घालतात, तो बांधही लागतोच.

मित्रांनो, माझी विनवणी छोटी आहे. एखादे यंत्र बंद पडताना काही लिहीत असेल तर ते वाचा. आम्ही सहसा खोटे लिहीत नाही. आणि काहीही टाकून देण्याआधी त्याच्या नावावर जाऊ नका, त्यात काय आहे ते बघा.

पुस्तक वेळेवर गेले. मावशींच्या हाताखालून गेले, म्हणजे बरेचसे शुद्ध गेले. पण शेवटच्या दिवसांत पाने भराभर निघत होती आणि मावशींची वाचणारी बोटे दोनच. कुठल्या तरी पानावर एक शब्द चुकलेला राहिला असणार. कुठला, ते मला सांगता येत नाही. मला तो बरोबर वाटतो. आता एखाद्या शाळेत, एखाद्या बाकावर, एक मूल त्या पानावरून बोट फिरवत असेल. त्या शब्दाशी येईल, आणि त्याचे बोट अडणार नाही.