मशीन कुणाची वाट बघत होतं

माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, असं बायको रोज ऐकवते. त्या दिवशी ते भर दुकानात सुटलं. आमच्या छापखान्यातली डिझायनर कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसलेली, आणि पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंय. घाईचं काम घेऊन आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"साहेब, रोज चालू व्हायलाच एवढा वेळ लागतो. मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं! कामचोर कुठली! उद्यापासून येऊ नकोस."

तिनं पर्स उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसलो. बटण दाबलं. चहा संपला, पेपर संपला, चक्र काही थांबेना. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं थोडी खाटखूट केली आणि हसायला लागला.

"मालक, मशीन ठणठणीत आहे. सुरू होताना ते आधी नेटवर्कवरचं दुसरं मशीन शोधतं, तुमची जुनी डिझाइनं तिकडे आहेत ना! ते सापडत नाही, मग हे बसतं वाट बघत. मधली वायर कुठे गेली?"

वायर! धंद्याची वाटणी झाली तेव्हा धाकट्या भावाचं मशीन भिंतीपलीकडे गेलं, आणि रागाच्या भरात ती वायर मीच कात्रीनं कापली. तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही. भांडलो आम्ही आणि भोगलं त्या पोरीनं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई अंथरुणाला खिळलेली, ही तिला भरवत होती. घर हिच्या एकटीच्या पगारावर चालतं, हे मला ठाऊक होतं.

"चूक माझी होती. परत ये."

"नको साहेब. पुन्हा तुमचं तोंड सुटलं तर?" तिनं आईचं तोंड पुसलं. "पण मी कामचोर नाही, एवढं तुमच्या भावाला सांगाल? आज सकाळी तिकडे काम मागायला गेले होते. तुमचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू गेलंय. त्यांनी दारातूनच परत पाठवलं."

तिथून मी थेट भावाच्या दुकानावर गेलो. तो शटर ओढत होता. मला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"तिला कामावर घे," मी म्हटलं. "ती खरं बोलत होती. वायर मी कापली होती."

त्यानं अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर ढकललं.

"येऊ दे उद्यापासून," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी ती परोपरीनं सांगत होती, पण मी ऐकून घेतलं नाही. दादा, आपलं कितीही भांडण असलं, तरी तू कुणावर खोटा आळ घेशील असं मला वाटलंच नव्हतं रे."