घरात नसलेलं कलिंगड

विनिताच्या जिभेवरून कलिंगड गेलं ते एका मंगळवारी दुपारी, माजिवड्याच्या ऑफिसच्या गच्चीवर.

डबा खाऊन झाल्यावर ती आणि तिची मैत्रीण टान्या रोजच्यासारख्या पाण्याच्या टाकीमागे सावलीत उभ्या होत्या. विनितानं पर्सच्या आतल्या कप्प्यातून व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी वाफेची सिगरेट, बाहेर काढला, लांब झुरका घेतला आणि तिचा चेहराच पडला. वाफ आली, घशाला नेहमीची चरचर झाली, पण चव काहीच नाही. उकळत्या पातेल्यावर तोंड धरावं तशी नुसती कोमट, ओली हवा.

"टान्या, त्यानं डुप्लिकेट लिक्विड दिलंय मला."

"दे इकडे." टान्यानं एक झुरका ओढला, डोळे मिटले आणि मान डोलावली. "अगं, मस्त लागतंय! कलिंगड, आणि मागून पुदिना. लिक्विडला काही झालेलं नाही, तुझी जीभ झोपलीय."

"म्हणजे?"

"व्हेपर्स टंग म्हणतात त्याला. सारखं तेच तेच ओढलं की जीभ कंटाळते. माझं पण झालेलं. पाणी पी, लिंबू चोख, कॉफीचा वास घे. आणि थोडे दिवस बंद ठेव सरळ."

यातलं शेवटचं सोडून विनितानं सगळं केलं. लिंबू चोखून दात आंबले. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफीच्या बरणीत नाक खुपसून उभी असताना साहेबांनी पाहिलं. मग तिनं फ्लेवर बदलून पाहिला. बंदीचा माल असल्यामुळे तो मिळायचा ओळखीतूनच, चार फोन करून. आंबा आणला, लिची आणली. सगळ्यांची चव एकच, कोमट हवा. शेवटी पुन्हा कलिंगडावरच आली आणि आता लागेल, मग लागेल म्हणून आधीपेक्षा दुप्पट ओढायला लागली.

तिचं हे प्रकरण घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंबिवलीला गोग्रासवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात नवरा ऋतुराज, सासूबाई मालन आणि सासरे मारुती. लग्नाआधी ती सिगरेट ओढायची हे ऋतुराजला माहीत होतं. ती सोडली हेही माहीत होतं. सिगरेटच्या जागी काय आलं, ते तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. आजवर ती फार जपायची. घरी ओढायची झाली तर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं बिल्डिंगच्या गच्चीवर, आणि खाली येताना तोंडात बडीशेप. पण आता तिला स्वतःलाच काही वास येत नव्हता, चव लागत नव्हती. मग इतरांना कुठून येणार, असा हिशेब तिच्या मनानं परस्पर करून टाकला. ती बाथरूममध्ये ओढायला लागली. मग स्वयंपाकघराच्या मागच्या छोट्या बाल्कनीत. कुणी काही बोललं नाही, तशी तिची भीड चेपली.

बोललं कुणी नाही, कारण मालनबाई गप्प राहून शोध घेत होत्या.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. डोंबिवलीत येऊन निम्मं आयुष्य गेलं तरी बोलण्यातला गावाकडचा हेल गेला नव्हता. घरात कलिंगडाचा वास येतोय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला. ओट्याखाली वाकून पाहिलं. कचऱ्याच्या डब्यात सालं शोधली. कलिंगड कुठंच नव्हतं आणि वास तर रोज, कधी बाथरूमात, कधी बाल्कनीत. घरात कलिंगड चोरून खाईल असा माणूस एकच होता. मारुतीरावांना साखरेचा त्रास. डॉक्टरांनी गोड फळं मोजूनमापून खायला सांगितलेली, आणि मारुतीराव तर फळं दिसली की लहान मूल होणारे.

एका संध्याकाळी विनिता ऑफिसातून आली तर बाहेरच्या खोलीत मारुतीराव खुर्चीत ताठ बसले होते आणि मालनबाई त्यांच्या समोर उभ्या होत्या.

"तोंड उघडा."

"अगं, काय चाललंय तुझं?"

"तोंड उघडा म्हणते ना! कलिंगड खाऊन आलाय तुम्ही."

"आईची शपथ, मालन. या मोसमात एक फोड खाल्ली नाही मी."

"आईला कशाला मधे आणताय? बाथरूमात कोंडून घेऊन खाताय. वास येतोय मला. सालं कुठं टाकता तेवढं सांगा."

"फ्लश करतो!" मारुतीराव वैतागून ओरडले, आणि लगेच त्यांना कळलं की चेष्टा अंगाशी आली.

विनिता चप्पल काढता काढता तिथंच थबकली. पर्स तिनं काखेत घट्ट दाबून धरली.

दुसऱ्या दिवसापासून मारुतीरावांचे हाल सुरू झाले. सकाळी अनशेपोटी कारल्याचा रस. संध्याकाळी बागेत पत्ते कुटायला एकट्यानं जायची बंदी. मालनबाईंनी कोपऱ्यावरच्या फळवाल्याचीही उलटतपासणी घेतली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका तो इधर आते ही नहीं." त्यावर मालनबाईंनी एवढाच अर्थ काढला की फळवालाही सामील आहे. मारुतीराव कारल्याचा रस नाक दाबून प्यायचे आणि एकदा, कुणी ऐकत नाहीसं पाहून, विनिताला म्हणाले, "खाल्लं असतं तर निदान दुःख नव्हतं गं."

ते वाक्य तिला सोसवेना. सासरे तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं केलेल्या जाड्याभरड्या चपात्या ते मिटक्या मारत खायचे. आणि तिच्या वाफेपायी तो माणूस कारली पीत होता.

शनिवारी सकाळी ऋतुराज आणि मारुतीराव बाजारात गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मालनबाई खाली बसून गवार मोडत होत्या.

"आई, बाबांनी कलिंगड खाल्लं नाही. मी खाल्लंय. म्हणजे, खाल्लं नाही. ओढलं."

मालनबाईंनी वर पाहिलं. "कलिंगड ओढतात?"

विनितानं व्हेप काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मालनबाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाशी नेला. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक रंग आले आणि गेले.

"हेच! अगदी हाच वास!" त्यांचा आवाज वर चढला. आपला शोध लागला याच्या आनंदात त्या रागवायचंच विसरल्या. मग एकदम आठवल्यासारखं झालं. "म्हणजे ही बिडीच की."

"हो. तशीच म्हणा."

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील. आणि आई, आता तर चवही लागत नाही मला. नुसती हवा ओढते. तरी सुटत नाही."

तिला वाटलं, आता बोलणी बसणार, माहेरी फोन जाणार. तिचे डोळे भरून आले. मालनबाईंनी मात्र व्हेप खाली ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि एक चपटी पत्र्याची डबी काढून व्हेपच्या शेजारी ठेवली.

विनितानं झाकण उघडलं. आत काळी भुकटी. मशेरी! भाजलेल्या तंबाखूचा उग्र दर्प तिच्या झोपलेल्या नाकालाही जाणवला.

"ऋतुराजच्या वेळी दिवस गेले तेव्हा सोडली, असं ह्यांना सांगितलंय," मालनबाई खाली मान घालून म्हणाल्या. "तो आता तिशीचा झाला."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी विनिताला हसू फुटलं, ते तिनं ओढणीत दाबलं. मग मालनबाईंचे खांदे हलायला लागले. गवारीच्या शेंगा फरशीवर सांडल्या आणि सासूसुना भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसू ओसरल्यावर मालनबाईंनीच विषय काढला. "एकटीनं लई वेळा सोडून बघितली. दोघींनी मिळून सोडायची का गं?"

"सोडूया."

"पण ह्यांना नको कळायला."

त्याच सकाळी मशेरी मोरीत गेली आणि लिक्विडच्या बाटल्याही तिच्या मागोमाग गेल्या. मारुतीरावांचं कारलं कुठलंही कारण न देता बंद झालं. त्यांनीही शहाण्यासारखं कारण विचारलं नाही.

पुढचे काही आठवडे घरातल्या पुरुषांना काही उमगेना. मालनबाई सकाळी उठल्यापासून करवादलेल्या. दात घासून झाले तरी बोट हिरड्यांकडे जायचं, मग त्या ते पदराला पुसायच्या. विनिताचं डोकं दुखायचं. एकदा तर गॅसचा लायटर लागत नाही म्हणून ती रडली. दोघी एकमेकींवर खेकसायच्या आणि तासाभरानं गळ्यात गळे घालून चार रस्त्याच्या नाक्यापर्यंत फिरायला जायच्या. वाटेत आवळासुपारी चघळत मालनबाई माहेरच्या गोष्टी सांगायच्या. आपल्याला मशेरीची सवय आजीनं लावली, दाढ दुखते म्हणून चिमूटभर लावून दिली होती, हेही असंच फिरताना त्यांनी सांगितलं.

"आई आणि तुझं भांडण चालू आहे का?" ऋतुराजनं एकदा विचारलं.

"नाही रे. मैत्री चालू आहे."

मधे एकदा गाडी घसरलीसुद्धा. शेजारच्या सगुणाबाईंकडे हळदीकुंकवाला गेलेल्या मालनबाई परत आल्या त्या चोरासारख्या. विनिताच्या कानाशी लागून म्हणाल्या, "चिमूटभर लावली गं. सगुणानं पुढं केली." विनिता रागावली नाही. गेल्या गुरुवारी टान्याच्या हातातून आपणही एक झुरका घेतला होता, हे तिनं सांगून टाकलं. "लागली का चव?" मालनबाईंनी उत्सुकतेनं विचारलं. "लागली ना! आणि इतकं गोडमिट्ट होतं ते, मला मळमळलं. असलं मी दोन वर्षं ओढत होते?" दोघींनी हे घसरणं एकमेकींना माफ करून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. मालनबाईंनी आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला. त्यांनी वाटीतली नुसती आमटी चाखून पाहिली.

"मीठ दोनदा पडलं वाटतं आज."

विनितानं चाखली. खरंच, जीभ कातरेल इतकी खारट, लग्न होऊन आली तेव्हा वाटायची आणि पुढे सवयीची झाली होती तशी. आणि खारटपणाच्या आत चिंच, गूळ, काळा मसाला सगळं वेगवेगळं लागत होतं, कितीतरी दिवसांनी. "हो आई. जास्त आहे."

ऋतुराज आणि मारुतीराव एकमेकांकडे बघून पुन्हा ताटात बघायला लागले.

"काय झालं?" मालनबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "बोला की."

"काही नाही," मारुतीराव म्हणाले. "रोजच्यासारखीच आहे."

"रोज एवढं मीठ असतं?"

"गेली कितीतरी वर्षं." मारुतीरावांचा आवाज अगदी बारीक झाला. "आम्हाला वाटलं, तुला तसंच आवडतं."

"मी डब्यातल्या भाजीत ऑफिसमध्ये दही मिसळतो," ऋतुराजनं संधी साधून सांगून टाकलं. "मित्र विचारतात, तू गुजराती आहेस का?"

मालनबाई आधी पांढऱ्याफटक पडल्या. या हाताच्या चवीवर त्यांनी अख्ख्या नात्यागोत्यात मान मिळवला होता. मग त्यांनी विनिताकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात त्या दिवशी हललेले ते खांदे पुन्हा हलायला लागले. हसता हसताच त्यांनी मशेरीचं सगळं सांगितलं, आणि त्यापाठोपाठ विनितानं आपलं.

मारुतीराव ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त हात उंचावला. "म्हणजे मी निर्दोष होतो!"

"होता बाबा, होता," विनिता म्हणाली.

"मग माझ्या कारल्यांचं काय?"

संध्याकाळी बाल्कनीत ऋतुराज विनिताला म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं?" तिनं खरं ते सांगितलं, की लाज वाटायची. तो म्हणाला, "मी पण इतक्या वर्षांत आईला मिठाचं सांगितलं नव्हतं," आणि तिचा हात हातात घेऊन उभा राहिला.

कारल्यांची भरपाई म्हणून पुढच्या रविवारी चौघं खडवलीला नदीवर गेली. मालनबाईंनी घरूनच भाकऱ्या, भरली वांगी आणि ठेचा करून घेतला होता. मीठ घालताना आता त्या विनिताला हाक मारायच्या. आधी दोघी चाखणार, मग पदार्थ पुढे जाणार. दगडांवर बसून, पाण्यात पाय सोडून सगळे जेवले. मारुतीरावांनी तिसरी भाकरी मागून घेतली आणि "आज जेवलो मी, खऱ्या अर्थानं," असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मालनबाईंनी त्यांच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं.

निघताना वाटेवर एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. विनितानं एक तोंडात टाकलं. आधी तुरट, मग आंबट, मग मागाहून हळूच गोड, आणि ओठांना चिकटणारा चीक. तिनं डोळे मिटून घेतले.

"थांब, थांब, तसं नाही खायचं," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी एक टपोरं करवंद मुठीत लपवलं आणि मारुतीरावांपुढे मूठ धरली. "सांगा, कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा," मारुतीराव ठासून म्हणाले.

मालनबाईंनी करवंद दातांनी अर्धं तोडलं. आतून लालभडक निघालं, म्हणजे कोंबडाच; पांढरं असतं तर कोंबडी.

"जिंकलो!" मारुतीराव भर रस्त्यात टाळ्या पिटायला लागले. "आता दुसरं. आता विनिता सांगेल."

द्रोण संपला तरी कुणाचंच समाधान होईना, म्हणून ऋतुराज आणखी दोन द्रोण घ्यायला मागे पळाला.