जावयाचा सिनेमा

जेवणाच्या सुट्टीत दातांच्या लॅबमधल्या पोरी एका मोबाइलभोवती घोळका करून खिदळत होत्या. ठकी तेवढी आपल्या टेबलावर बसून एका कवळीच्या मेणात पुढचे दात बसवत होती. दात बसवताना कुणी हाक मारलेली तिला खपायची नाही.

"अगं, इकडे ये, तुझ्याच धंद्यातला विनोद आहे," एकीनं ओरडून सांगितलं.

ठकी हात पुसत गेली. नव्या सिनेमाची जाहिरात चालली होती. एक पोरगा आणि एक पोरगी, भाड्याची खोली मिळावी म्हणून नवरा-बायको असल्याचं सोंग करतात. घरमालकीण इस्त्रीचं दुकान चालवणारी, ढोली, कानानं अधू, फेंगड्या पायांनी चालणारी. ती जोडप्याचं कौतुक करायला तोंड उघडते आणि तिची वरची कवळी सुटून थेट चहाच्या कपात पडते. बुडुक! पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

ठकीची कानशिलं तापली. हातातलं फडकं तिनं इतकं पिळलं की त्याचा दोर झाला.

"हलकट," ती म्हणाली. पोरींना वाटलं, विनोदाला दाद दिली.

ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. ते मावशींनी ठेवलेलं. ठेंगणी, ताठ मानेची, रंगवलेल्या लाकडी बाहुलीसारखी दिसते म्हणून ठकी. मावशी म्हणजे इस्त्रीवाल्या मावशी. खाली त्यांचं दुकान, वर एक खोली, आणि ती खोली द्यायची तर लग्न झालेल्यांनाच, असा त्यांचा खाक्या. ठकी तेव्हा शहरात नवी होती, एकटी होती, आणि एकट्या पोरीला खोली द्यायला जो तो नाक मुरडायचा. ओळखीचा एक पोरगा होता, जाहिरातींच्या ऑफिसात उमेदवारी करणारा. त्याचीही तीच रडकथा. "घर हवं असेल तर घरवाली हो," तो गमतीनं म्हणाला, आणि गंमत गंमत म्हणता म्हणता दोघं भाड्याच्या कपड्यांत लग्नाचा फोटो काढून मावशींच्या दारात उभी राहिली.

मावशींना मूलबाळ नव्हतं. महिन्याभरात ठकी त्यांची मुलगी झाली आणि तो पोरगा जावई. त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, अहोजाहो करायच्या, त्याचे शर्ट फुकट इस्त्री करून द्यायच्या. वर खोलीत दोन खाटांच्या मधे पडदा होता. पडद्यापलीकडे जावई घोरायचा, अलीकडे ठकी कानावर उशी दाबून झोपायची. प्रेमबिम काही नव्हतं. मैत्री होती, आणि ती चांगली होती.

मग मावशी आजारी पडल्या. अंगावरचं मांस गेलं, हिरड्या आक्रसल्या, जुनी कवळी ढिली झाली. बऱ्या झाल्यावर पहिल्यांदा चौघा माणसांत चहाला बसल्या आणि कवळी कपात पडली. मावशी तोंडावर पदर-रुमाल जे हाताला लागलं ते धरून आत पळाल्या आणि दोन दिवस दुकानात आल्या नाहीत. ठकीनं त्यांना हाता-पाया पडून खुर्चीत बसवलं, हिरड्यांचं माप घेतलं, लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी त्यांची नवी कवळी केली. त्या चहाच्या वेळी जावईही टेबलाशी होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला होता. ठकीला वाटलं होतं, किती समंजस आहे! समंजस कसला, मेला टिपून घेत होता.

पुढे जावयाला दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं. मावशींना काय सांगायचं? "आमचं पटत नाही, वेगळे होतोय," असं दोघांनी सांगितलं. मावशी ढसाढसा रडल्या. ठकीनं काही दिवसांनी लॅबजवळ खोली घेतली, पण दर रविवारी ती मावशींकडे जायची. खरं काय ते आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. एखादी गोष्ट वेळेवर सांगितली नाही की तिला मुळं फुटतात, आणि मग ती उपटायला गेलं तर जमीनच वर येते.

तर ठकीनं लॅबच्या जिन्यात उभं राहून जावयाला फोन लावला.

"पाहिलीस का जाहिरात?" तो आनंदानं म्हणाला. "कशी वाटली?"

"तुला लाज वाटत नाही?"

"अगं, तुझं नाव-गाव काही नाही त्यात."

"माझं मरू दे. मावशींची कवळी?"

"तोच तर सगळ्यात मोठा हशा आहे! लोकांना मावशी फार आवडणार आहेत, बघच तू. गोड आहेत त्या सिनेमात."

"गोड? त्यांना माहीत तरी आहे का, की आपलं लग्न..."

"कळेल की. शेवटी सगळे हसतातच. आणि ऐक, मी त्यांना पहिल्या खेळाला बोलावलंय. गाडी पाठवतोय. खऱ्या घरमालकीणबाई हॉलमध्ये म्हटल्यावर पेपरवाले तुटून पडतील."

ठकीनं त्याला अशा चार शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरचा शिपाई कठड्यावरून डोकावला. तोवर जावयानं फोन ठेवून दिला होता.

संध्याकाळी ती तडक मावशींच्या दुकानात गेली. आज सांगायचंच, असं ठरवून गेली. मावशी वाफेच्या इस्त्रीखाली स्वतःचाच ठेवणीतला पोशाख धरून एकेक चुणी काढत होत्या.

"आलीस? बघ गं, माझ्यावर सिनेमा काढलाय जावईबापूंनी! पोटचा असता तर त्यानं तरी काढला असता का?"

"मावशी, त्या सिनेमात..."

"काही सांगू नकोस, मजा जाते." मावशींनी बाही उलटली. "तू पण चल. दोघं एका छताखाली बसाल, चार शब्द बोलाल. राग काय, कपड्याच्या सुरकुतीसारखा असतो. ऊब लागली की जातो."

"मावशी, ऐका तरी. आमचं लग्न..."

तेवढ्यात एक माणूस कोटांचा ढीग घेऊन आला आणि उद्याच हवेत म्हणून हुज्जत घालू लागला. मावशी त्याच्याशी भांडत राहिल्या, आणि ठकीच्या जिभेवर आलेलं परत घशात गेलं. तो माणूस गेल्यावरही ती बोलली नाही. तिला स्वतःचा संताप आला होता, पण तो तिनं जावयाच्या खात्यावर टाकला. तिथे टाकणं सोपं होतं.

सिनेमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मावशींना मधल्या रांगेत मानाची जागा होती, शेजारी ठकी. दिवे गेले. सुरुवातीला मावशी पोटभर हसल्या. पडद्यावरच्या ढोल्या बाईला पाहून त्या ठकीच्या कानात म्हणाल्या, "ही कोण गं भवानी? चालते बघ कशी बदकासारखी!" त्यांना ओळखच पटली नव्हती. ठकीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग पडद्यावर दोघांनी भाड्याच्या कपड्यांत फोटो काढला. खोलीत शिरल्याबरोबर मधे पडदा टाकला. पोरगा म्हणाला, "म्हातारीला उल्लू बनवलं!" आणि हॉल खो-खो हसला.

मावशी हसायच्या थांबल्या. अंधारात त्यांनी मान वळवून ठकीकडे पाहिलं. ठकी समोर बघत राहिली. बाजूला बघायची तिची छातीच झाली नाही.

मग कवळी कपात पडली. लोक खुर्च्यांवर थापा मारून हसले. मागून कुणी शिट्टी वाजवली. मावशींचा हात हळूच वर गेला आणि ओठांवर बसला, तो मग खाली आलाच नाही.

शेवटाकडे मात्र ठकीला जे दिसलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. जोडपं भांडून वेगळं होतं. म्हातारी शोधत शोधत पोराच्या ऑफिसात जाते, चकचकीत फरशीवर घसरते, काचेच्या दारावर आपटते, आणि भलत्याच साहेबासमोर हात जोडून म्हणते, "माझ्या लेकीला पदरात घ्या, ती तोंडाची फटकळ आहे, मनाची नाही हो." लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

"तुम्ही गेला होतात?" ठकीनं मावशींना विचारलं. "मावशी, त्याच्या ऑफिसात तुम्ही गेला होतात?"

मावशींनी तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला. म्हणजे गेल्या होत्या. गाडी बदलत बदलत, ह्या वयात, त्या शहरात जाऊन त्यांनी त्याच्यासमोर हात जोडले होते. आणि त्यानं ते जोडू दिले! नाटक होतं मावशी, जा घरी, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. ठकीच्या डोक्यात घणाचे घाव बसू लागले. पडद्यावर पोरगा-पोरगी एकमेकांच्या गळ्यात पडली, सोंग करता करता खरंच प्रेम जडलं म्हणाली, आणि दिवे लागले.

टाळ्यांच्या कडकडाटात जावई माइक घेऊन आला. "मित्रहो, ह्या गोष्टीतल्या खऱ्या मावशी आज इथे आहेत!" सगळ्यांच्या माना वळल्या, कॅमेरे वळले. मावशी उठल्या. तोंडावरचा हात तसाच ठेवून त्या रांगेतून बाहेर पडल्या आणि दाराकडे चालू लागल्या. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. ते उभे राहिले आणि त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

जावयानं माइक ठकीपुढे धरला. "आणि ह्यांना काही सांगायचंय का?"

ठकीच्या अंगाची आग आग होत होती. इतकं सांगायचं होतं की एकही वाक्य धड सापडेना. "त्या बाईंची कवळी मी केलीय," ती ओरडली. "ती पडत नाही! समजलं? ती कधीच पडत नाही!"

हॉल पुन्हा हास्यात बुडाला. कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं.

ठकीनं माइकवर थाप मारली, तो कर्कश ओरडत खुर्च्यांखाली गेला. जावई हसत हसत तिच्या कानाशी वाकला. "अगं, रागावतेस काय? शेवट तुझ्यासाठी लिहिलाय."

"मला विचारलं होतंस? त्यांना विचारलं होतंस?" ती म्हणाली. "आपली मैत्री होती रे, गाढवा. तेवढी एकच गोष्ट खरी होती, तीच नेमकी तुझ्या सिनेमात नाही." आणि ती मावशींच्या मागे पळाली.

मावशी बाहेर फुटपाथवर उभ्या होत्या. पाठवलेल्या गाडीचा ड्रायव्हर दार उघडून थांबला होता, त्याच्याकडे त्या बघतही नव्हत्या.

"मावशी, त्याला मी सोडणार नाही," ठकी धापा टाकत म्हणाली. "त्याला मी..."

"त्याचं राहू दे." मावशींनी तोंडावरचा हात काढला. "तो परका. हसला, पैसे मिळवले, गेला. तू दर रविवारी माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतीस. मी म्हणायची, कुणास ठाऊक, होईल तुमचं परत नीट. आणि तू घास गिळत होतीस! गिळवला कसा गं?"

"मला भीती वाटायची. तुम्ही मला..."

"वर्षभर ती खोली मी रिकामी ठेवली. तुम्ही परत याल म्हणून." मावशींनी तिच्याकडे नखशिखांत पाहिलं. "ठकी! नाव मी अगदी बरोबर ठेवलं होतं. ठकवलंस मला."

त्या चालत निघाल्या. ठकी मागे गेली तेव्हा त्यांनी वळून असं काही पाहिलं की ती तिथेच थांबली.

सिनेमा धो-धो चालला. लॅबमधल्या पोरी कवळी हातात घेऊन "बुडुक" करायच्या. एकदा ठकीनं प्लास्टरचं भांडं आपटलं तेव्हा त्या थांबल्या, तिच्यासमोर तरी.

रविवारी ती दुकानात गेली. मावशींनी मान वर केली नाही. "कपडे आणलेत का बाई? नसतील तर गर्दी करू नका."

बाई! नका! ते अहोजाहो ठकीला मुस्काटात मारल्यासारखं लागलं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. पुढच्या रविवारी तिनं कपडे आणले. मावशींनी ते मोजून घेतले, पावती फाडली आणि "गुरुवारी या" म्हणाल्या. मग हे असंच सुरू राहिलं. ठकीचे शर्ट कधी नव्हे इतके कडक दिसू लागले. जिन्यावर आता एक एकटा पोरगा आणि एक एकटी बाई अशी दोन नवी माणसं ये-जा करताना दिसायची. खोलीचे दोन भाग केले होते. मावशी लग्नाचं विचारायच्या बंद झाल्या होत्या.

शेजारच्या चांभारानं एकदा सांगितलं, जावई आला होता, पेढेबिढे घेऊन, सोबत दोन फोटोवाले. मावशींनी पाणी मारायच्या बाटलीनं त्याला डोक्यापासून भिजवून काढलं. तो फुटपाथवरून ओरडून म्हणाला, "मावशी, दुसऱ्या भागात हे घेतो!" हे ऐकून ठकीला हसू यायला हवं होतं, सांगणाऱ्याला आलंच होतं. तिनं मात्र तिथल्या तिथे पाय आपटला.

मग एका रविवारी ती लॅबचा पांढरा कोट घेऊन गेली. बाहीवर मेणाची वाटी उपडी झाल्यासारखा भलामोठा डाग होता. मावशींनी कोट उलगडला, डाग पाहिला, नखानं खरवडला आणि त्यांचा पारा चढला.

"मेणावर गरम पाणी ओतलंस? कुणी सांगितलं तुला? आत मुरला ना सगळा! एवढी घोडी झालीस, अक्कल म्हणून नाही. कागद ठेवून इस्त्री फिरवायची, हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल, पण ऐकशील तर शपथ!"

"तुम्ही कधी सांगितलं नव्हतं!" ठकीही तडकली.

"तोंड वर करून बोलतेस? वर तुझंच खरं?"

"ह्याच्यात माझंच खरं आहे!"

काउंटरच्या दोन्ही बाजूंनी आवाज चढत गेले. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मावशींनी जुन्या वर्तमानपत्राचा कागद सर्रकन फाडला, काउंटरची फळी धाडकन वर केली आणि कोट ठकीच्या छातीवर फेकला.

"ये आत. धर बाही. नीट धर!"

ठकी आत गेली. तिनं बाही धरली, आणि दोघी भांडतच राहिल्या.