टेलरबाईंचा आडमुठ्या

मी टेरियर. भुंकत नाहीये, बोलतोय. तेव्हा दाराला कडी लावायचं कारण नाही.

माझे पूर्वज बिळात शिरून उंदीर-घुशी धरायचे. बिळात मालकाला विचारायला कोण जाणार? त्यामुळे काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं, ही आमची घराण्याची रीत. माणसं तिला हट्ट म्हणतात.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याने. माझ्या डोळ्यांवर येणारे केस पाहून बायको विरघळली आणि तेवढ्यावर मी त्यांचा झालो. माझ्या जातीबद्दल त्यांनी कुणाला चकार शब्द विचारला नाही. दोघंही कामावर जात आणि मी दिवसभर बंद घरात. मग सोफ्यात बीळ असावं, अशी शंका मला येणं साहजिकच होतं. बीळ नव्हतं, पण सोफाही उरला नाही. मला परत करताना बायको रडत होती. माझ्यासाठी की सोफ्यासाठी, ते मला अजून उमगलेलं नाही.

नंतर मला टेलरबाईंनी आणलं. यजमान वारलेले, लेक लग्न होऊन लांब गेलेली, घरात बोलायला कुणी नव्हतं. त्यांनी माझं नाव ठेवलं आडमुठ्या. नाव आवडलं, म्हणून मी अधूनमधून ओ देऊ लागलो.

बाई कापड बेतताना जेवढ्या काटेकोर, तेवढ्याच माझ्या बाबतीतही. सकाळी लांबवर फिरणं, दुपारी चिंध्यांचा गोळा कुठेतरी लपवून मला शोधायला लावणं. ओरडून उपयोग नाही, याला पटवावं लागतं, हे त्या लवकर शिकल्या. मीही एक शिकलो. तोंडात टाचण्या धरलेल्या असताना बाईंना ओरडता येत नाही. माझे बरेचसे उद्योग त्याच वेळचे.

मग एकदा फिरताना समोर मांजर दिसलं. मी धावलो. पट्टा बाईंच्या हातात होता आणि तो त्यांनी सोडला नाही. पडल्या, गुडघ्याचं हाड मोडलं. धाकटी बहीण शुश्रूषेला आली आणि आल्या आल्या म्हणाली, हे ध्यान आधी कुणाला तरी देऊन टाक. बाई कितीतरी दिवस ऐकत नव्हत्या. शेवटी 'बरं' म्हणाल्या.

मला बघायला बेकरीवाले काका आले. बाईंनी पाय स्टुलावर ठेवून त्यांची परीक्षाच घेतली. हा खड्डे खणतो, म्हणाल्या. काका म्हणाले, मागे मोकळं अंगण आहे. याला एकटं ठेवता येत नाही, बाई म्हणाल्या. आम्ही तर बेकरीच्या वरच राहतो. मांजर दिसलं की धावतो, रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही. सांगितलेलं सगळं कळतं, पण ऐकायचं की नाही ते तो ठरवतो. काका हसले. म्हणाले, लहानपणी आमच्याकडे असाच एक होता. बाईंचे प्रश्न संपले. काका पास झाले होते आणि चेहरा मात्र बाईंचा पडला होता.

बहिणीने पट्टा काकांच्या हातात दिला. मी शिवणयंत्राखाली जाऊन बसलो. काकांनी ओढलं, चुचकारलं, बिस्कीट दाखवलं. मी बाहेर आलो, बिस्कीट खाल्लं आणि परत जागेवर जाऊन बसलो.

"आडमुठ्या, जा," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "एवढं एक ऐक ना रे माझं."

मी ऐकलं नाही.

काकांनी पट्टा खाली ठेवला. "बाई, इतकं ओळखता त्याला, मग देता कशाला? तुमचा पाय बरा होईपर्यंत मी येऊन फिरवत जाईन."

बाईंनी नुसता हात खाली सोडला. मी त्याखाली डोकं नेलं. 'दोघंही एकाच माळेचे मणी' असं पुटपुटत बहीण आत गेली.

आता मी म्हातारा झालोय. थंडीत बाईंचा गुडघा ठणकतो आणि माझी कंबर. आम्ही इतके सावकाश चालतो की मांजरं जागची उठतसुद्धा नाहीत. अपमानच आहे, पण सोसतो.

तेव्हा आमच्यातलं पिल्लू आणायला निघाला असाल तर जरा थांबा. वेळ आहे का, पायांत दम आहे का, आणि रोज कुणापुढे तरी हार मानायची तयारी आहे का, ते मनाला विचारा. नसेल तर शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे लाड करा, त्यात कमीपणा नाही. असेल तर खुशाल न्या. फक्त परत आणून सोडू नका. आपलं काय चुकलं, ते आम्हाला कुणी सांगत नाही.

बरं, बाई हाक मारताहेत. ऐकू येतंय मला. जाईन जरा वेळाने.