पौषातला मुरूम

“भाऊ, तुमचं डोस्कं ठिकानावर हाय ना?” महादेवराव पऱ्हाटीतूनच ओरडले. “कापूस फुटून वावर पांढरं झालं, अन् तुम्ही बैल मुरमाले जुपता? वैशाखात पाहू ना! तवा बैलबी रिकामे, मानसंबी रिकामे.”

रूपराव बंडीला बैल जुपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वैशाखाचं नाव काढू नको माह्यापाशी.”

महादेवराव धाकटे भाऊ. ते पुन्हा पऱ्हाटीत वाकले.

रूपरावांचं घर वडनेरच्या शिवारात, डांबरी सडकेपासून दोनशे पावलं आत. पण ती दोनशे पावलं सारी काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगून पाय ओढणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी. पावसाळा सरला की भागीरथाबाई दरसाल नवऱ्याच्या मागे लागायची, “माती वाळली हाय, पन अजून फाटली नाई. आताच मुरूम टाकून घ्या जी, दबून बसन.” रूपराव म्हणायचे, “कापूस तर निंघू दे व.” कापूस निघाला की गहू, गहू निघाला की लग्नं. शेवटी अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात त्यांनी वीस बंड्या मुरूम ओतला. निम्मा भेगांनी गिळला. पावसात माती फुगली आणि उरलेला चिखलात कालवून गेला.

त्याच भाद्रपदात भागीरथाबाईच्या पोटात कळ उठली. हिंगणघाटला न्यायला बंडी निघाली, ती बाभळीपाशी आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर आले, लोकांनी खांदे लावले, पण चाक हललं नाही. समोर सडकेवरून एसटी आली आणि निघून गेली. भागीरथाबाई डोळे मिटून विचारत होती, “सडक आली का जी?” रूपराव चिखलात मांडीपर्यंत उभे होते. ते म्हणाले, “आली व, आली.” ती बंडीतच गेली.

तेव्हापासून भर दुपारीसुद्धा बाभळीपाशी आलं की रूपरावांना पायाखालून कण्हणं ऐकू यायचं. पहिल्यांदा वाटलं, झाडावर होला घुमतो आहे. त्यांनी वर पाहिलं. झाडावर काहीच नव्हतं.

तीन वर्षं त्या वाटेला त्यांनी हात लावला नाही. आता सून कोकिळा हिला तिसरा महिना लागला होता. दिवस श्रावणात भरणार होते.

महादेवराव कुरकुरले, पण दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आले. काळी माती हातभर उकरायची, खाली गोटे बसवायचे, वर मुरूम, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घट्ट बसवायचा. पौषाचं ऊन कोवळं, माती ओलसर, फावड्याला सुटत होती. तिकडे फुटलेला कापूस वाऱ्यानं गळून मातीत पडत होता. रूपराव तिकडे पाहतच नव्हते.

आठव्या दिवशी काम बाभळीपाशी आलं. महादेवरावांच्या फावड्याला काहीतरी मऊ लागलं. त्यांनी ते उपसून काढलं. बाईमाणसाची चप्पल होती, दबून चपटी झालेली, अंगठा तुटलेला.

“भाऊ,” ते हळूच म्हणाले, “अठीसा, बाभळीपाशी, वाट जराशी वाकडी घेऊ.”

“नाई. वाट सरळच जाईन.”

कोकिळा पाणी घेऊन आली होती. तिनं सासूची चप्पल ओळखली. घागर कलती करून ती धुतली आणि सासऱ्याच्या हाती दिली.

“मामाजी, तुम्हीच न्या.”

रूपराव चप्पल दोन्ही हातांत धरून न झालेल्या वाटेनं चालत सडकेपर्यंत गेले. तिथं डांबराच्या काठाला बसून त्यांनी हातानंच खड्डा केला, चप्पल पुरली. “आता खरंच आली व,” म्हणाले. मग परत येऊन फावडं हातात घेतलं.

त्या साली कापूस निम्माच घरात आला.

श्रावणात सात दिवस झड लागली. आठव्या दिवशी पहाटे कोकिळेला कळा सुटल्या. बंडी निघाली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, मधून लाल मुरमाची वाट, आणि चाकं करकर करत तिच्यावरून गेली. बाभळ कधी मागं पडली ते कोकिळेला कळलंही नाही. पहिल्या एसटीनं हिंगणघाट, आणि दुपारी मुलगी झाली.

दहा दिवसांनी रूपराव सून-नातीला घेऊन सडकेवर उतरले. महादेवराव बंडी घेऊन आले होते, पण कोकिळा म्हणाली, “राहू द्या जी काकाजी, चालतच येतो.” ती पोरीला पदराखाली घेऊन पुढे निघाली. पायाला चिखल नाही की काही नाही.

बाभळ आली तशी रूपराव वाटेवरून खाली उतरले. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत गाळात गेले. तेवढा तुकडा त्यांनी बाजूनं ओलांडला आणि पुढे जाऊन पुन्हा वर चढले.

“भाऊ, एवढी पक्की वाट असून चिखलातून काऊन?” महादेवरावांनी विचारलं.

“गावानं चालावं, पोरीनं चालावं, त्यासाठीच केली,” रूपराव पाय झटकत म्हणाले. “तेवढ्या तुकड्यावर माह्या पायाचं वजन नको.”