डाव्या अंगाचं मडगार्ड

रॉकेलच्या डब्याचा पत्रा रखमाजी तांबटानं टिचकी मारून बघितला आणि बाजूला सारला.

"ह्यो न्हाई चालायचा बाई. पयल्या ठोक्याला भोक पडंल."

डॉक्टर सौदामिनीबाईंनी दुसरा पत्रा पुढं केला. छपराचा होता, जस्त चढवलेला, चकचकीत. रखमाजीनं त्याचा कोपरा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. जस्ताचे पापुद्रे सुटून त्याच्या मांडीवर पडले.

"दिसाय लई गोमटा. पर पोट काढाय गेलं की चिरंल. आन् त्यो काळा काय हाय?"

"डांबराचं पिंप आहे. रस्त्यावाल्यांनी टाकून दिलेलं. पण फार घाण आहे हो."

"घाण निघती की," रखमाजी म्हणाला. त्यानं पिंपाला कान लावला, हातोडीनं हलकेच दोन ठोके दिले आणि मान डोलावली. "ह्यो घेऊ. ह्याच्यात जीव हाय."

आता तांबटाला मोटारीतलं काय कळतं, असं कुणी विचारील. त्याला काही कळत नव्हतंच. पण सौदामिनीबाईंचाही नाइलाज होता. तालुक्यातल्या अडलेल्या बायकांना सोडवायला त्या आपली तेरा वर्षांची जुनी ऑस्टिन स्वतः हाकत वाडीवस्तीवर जायच्या. पंधरा दिवसांपूर्वी किकवीजवळ कडब्याच्या गाडीनं मोटारीला घासलं आणि पुढचं डावं मडगार्ड उपटून निघालं. वर त्याच गाडीचं चाक त्याच्यावरून गेलं, म्हणजे चुराडाच. लढाईमुळं मुंबईहून नवा भाग येईना. बाई लोहाराकडं गेल्या, तर तो म्हणाला, "म्या नांगराचा फाळ करतो, गाडीच्या चाकाची धाव करतो. असलं फुगीर काम तांबटाचं." मडगार्डावाचून डाव्या चाकाचा सगळा चिखल काचेवर, औषधांच्या पेटीवर आणि शेजारी बसणाऱ्याच्या अंगावर. भाद्रपदाचे दिवस, रस्त्यांचं नुसतं शेण झालेलं. आणि वेल्ह्याच्या पलीकडं पासलीला रतनबाईचे दिवस भरत आले होते. तिची आधीची दोन मुलं जन्मतानाच गेलेली. सोमवारी काही झालं तरी निघायचं, असं बाईंनी तिला कबूल केलं होतं.

रखमाजीनं काम घेतलं ते निराळ्याच कारणानं. लढाई लागल्यापासून तांब्यापितळेचा पत्रा मिळेनासा झाला होता. दोन वर्षं तो लोकांच्या गळक्या घागरींना डाग देत बसला होता. मुलगा कुंडलिक खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलेला. पगार बरा, खोल्या दोन, पोरगा गुणाचा. "आबा, दुकानाला कुलूप लावा आन् चला माझ्याकडं," म्हणून दिवाळीपासून त्याचा धोशा होता. शनिवारी तो न्यायलाच येणार होता आणि रखमाजी त्याला "येतो" म्हणून बसला होता. पण आतून त्याचा जीव तुटत होता. त्यानं मनाशी गाठ मारली होती, की हे एक काम हातून नीट उतरलं तर आपण अजून तांबट आहोत. मग भोर सोडायचं नाही. नाही उतरलं, तर मुकाट्यानं खडकीच्या ओट्यावर बसून नातवंडं खेळवायची. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. सगुणाबाईला सांगावं लागतही नव्हतं.

बाईंनी उजवं मडगार्ड खोलून नमुन्यासाठी त्याच्यापुढं ठेवलं. "अगदी असंच हवं, रखमाजी."

"हुबेहूब करतो. तुमाला वळखू येणार न्हाई कंचं कुठलं."

चार दिवस त्यानं त्या पिंपाशी झुंज घेतली. डांबर जाळलं, पत्रा सपाट केला, मग त्याला पोट, म्हणजे फुगवटा, काढायला बसला. तांबं कसं, भट्टीत लाल करून पाण्यात बुडवलं की लोण्यासारखं मऊ पडतं. लोखंड एक नंबरचं हट्टी. एक ठोका मानायचं, दोन परत द्यायचं. तळहाताला फोड आले, दंड भरून आला. सगुणाबाई हळद लावताना म्हणाली, "साठीला टेकलाय. आता कुणाला करून दावायचंय?"

"तू गप."

"गपच हाय की. हात हिकडं करा."

शनिवारी कुंडलिक आला. सोमवारपर्यंतची रजा घेऊन आला होता. रविवारी सकाळी मोटार दुकानापुढं उभी राहिली, आणि रखमाजीनं नवं कोरं मडगार्ड दोन्ही हातांनी उचलून डाव्या चाकावर ठेवलं.

ते बसेना.

फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं. फुगवटा यायला हवा रस्त्याकडं, तर तो जात होता इंजिनाकडं. स्क्रूची भोकं यायला हवीत आत, तर ती आली बाहेर. कुंडलिक वाकून बघायला लागला, बाई वाकून बघायला लागल्या. आणि मागून सगुणाबाईला हसूच फुटलं.

"अवं, ह्ये तर उजवंच केलंय की तुमी!"

झालं होतं ते असं. उजव्यासारखं हुबेहूब करायला सांगितलं, त्यानं हुबेहूब उजवंच केलं. चाळीस वर्षं त्यानं घागरी केल्या, हंडे केले, कळश्या केल्या. भांड्याला डावं-उजवं कुठं असतं? कसंही धरा, कुठूनही उचला, ते गोलच. डावं अंग म्हणून काही निराळं असतं, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. रखमाजीनं मडगार्ड जमिनीवर टेकवलं. असली शरम त्याला उमेदवारीतसुद्धा कधी वाटली नव्हती.

सौदामिनीबाईंनी मडगार्ड हातात घेतलं, वरून हात फिरवला. "पण रखमाजी, हे जुन्यापेक्षा कितीतरी सरस झालंय हो. माझ्या उजव्याची गंजून चाळण झालीय. हेच उजवीकडे बसवून टाका."

बसवलं. भोक ना भोक जुळलं, नखाएवढी फट राहिली नाही. पण डावं चाक उघडं ते उघडंच राहिलं आणि पिंपाचा पत्रा तर संपला होता.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "उद्या अंगावर गोणपाट घेऊन जाईन." आणि त्या दवाखान्यात निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रखमाजीला वाटलं.

"आबा, आता पुरं," कुंडलिक मऊपणानं म्हणाला. "तुमी काय कमी काम केलंय व्हय जन्मात?"

"व्हय बाबा, पुरंच." रखमाजी बायकोकडं न बघता म्हणाला, "बांध गं गाठुडी."

गाठोडी बांधायला सगुणाबाई आत गेली खरी. बाहेर आली ती हातात जुन्या लुगड्याचा तुकडा, कात्री आणि कोळसा घेऊन.

"काय करतीस?"

"चोळी बेतती." तिनं ते कापड मोटारीच्या उजव्या मडगार्डावर अंथरलं, हातानं चापूनचोपून बसवलं. जिथं चुणी पडत होती तिथं कात्रीनं चीर दिली, कोळशानं कडेनं रेघ ओढली. "म्या दोन बाह्या कशा बेतती? एकावाणी एक केल्या तर दोनी हात येकाच अंगाला जात्याल. डाव्या बाहीला कापड पालथं घालावं लागतंय." कापड कापून तिनं ते पालथं घातलं आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकलं. "ही घ्या डावी."

रखमाजी त्या कापडाकडं बघतच राहिला. किती सोपं होतं! मग त्याचा चेहरा पुन्हा पडला. "पर पत्रा कुठनं आनू?"

सगुणाबाई न्हाणीत गेली. तिथून राख ओतल्याचा, नळी उपसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिनं घरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब ओढत आणला. लग्नाच्या वर्षी रखमाजीनं स्वतः केलेला, जाड पत्र्याचा, पोटानं गलेलठ्ठ.

"अगं, बंब? खुळी का काय तू?"

"खुळी कशानं? खडकीला गेलो तर तिथं नळ हाय, श्टोव्ह हाय, म्हनतोय तुमचा ल्योक. बंब हवाय कशाला? आन् हितंच ऱ्हायलो तर तुमी तांबट हाय न्हवं? करा की दुसरा!"

कुंडलिक काहीतरी बोलणार होता. आईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, तसा तो उठून भात्यापाशी जाऊन बसला.

मग मात्र काम असं चाललं की बघत राहावं. बंबाची शिवण उकलली, पत्रा उलगडला, भट्टीत लाल झाला, पाण्यात चर्र करून बुडाला. लुगड्याचा तुकडा त्यावर ठेवून रखमाजीनं रेघ मारली आणि पत्रा जमिनीत पुरलेल्या लोखंडी दांडीवर, खरवईवर, धरला. ठोक्यामागून ठोका पडायला लागला. तांबं सांगितलेलं ऐकत होतं. कडेला लोखंडी तार घालून त्यानं काठ वळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या अंगावर बारीक ठोके देऊन ते मठारलं. उन्हात धरलं तर खवल्याखवल्यांनी चमकायला लागलं. असं सुख रखमाजीला दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

सोमवारी दुपारी बाई गोणपाट घेऊनच आल्या. रखमाजीनं मडगार्ड डाव्या चाकावर ठेवलं. अंगच्या चोळीसारखं बसलं ते.

"अगबाई!" बाई म्हणाल्या, आणि हातातलं गोणपाट त्यांनी खाली टाकलं.

रखमाजीनं सवयीनं बारकी छिन्नी काढली. त्याच्या दुकानातून नाव घातल्याशिवाय भांडं जात नसे. "बाई, नाव काय घालू?"

"माझं कशाला? मी उद्या मोटार विकीनसुद्धा. ज्यानं केलं त्याचं घाला."

"माजं?"

"मग कुणाचं?"

हजारो नावं त्यानं घातली होती. नवऱ्यांची, सासऱ्यांची, लेकी-जावयांची. स्वतःचं एकदाही नाही. तो चाकाशी मांडी घालून बसला, आणि आतल्या अंगाला, जिथं फक्त चिखलच वाचणार होता, तिथं टिकटिक करत एकेक अक्षर उमटवायला लागला. रखमाजी तांबट. नावाखाली गाव घालायची रीत. छिन्नी जरा थांबली. दोन गाठोडी उंबऱ्यात बांधून ठेवलेली, कुंडलिक टोपी घालून तयार. सगुणाबाई दाराची चौकट धरून उभी होती.

रखमाजीनं दोन अक्षरं घातली आणि फुंकर मारली.

कुंडलिकानं वाकून वाचलं. "भोर," तो म्हणाला. मग उंबऱ्यातल्या गाठोड्यांकडं बघून म्हणाला, "आबा, म्हंजी तुमी..."

"तांब्यावरचं नाव खोडत न्हाई रं बाबा."

कुंडलिकानं वाकून बापाच्या पायाला हात लावला, मग आईच्या. सगुणाबाईनं दोन्ही गाठोडी उचलली आणि त्याला आपले डोळे दिसू नयेत म्हणून पाठमोरीच आत गेली. बाई नसरापुरावरूनच वेल्ह्याला जाणार होत्या. तिथं पुण्याची मोटार मिळेल, म्हणून कुंडलिक त्यांच्या शेजारी डाव्या बाजूला बसला.

मोटार निघाली. पुढं रस्ताभर लाल चिखलाचं डबकं होतं. बाईंनी वेग कमी न करता गाडी थेट त्यात घातली. रखमाजी जागेवरच ताठ झाला. पाणी फसकन उडालं आणि तांब्याखालीच दबून रस्त्याला मिळालं. काच कोरडी होती. कुंडलिकाच्या पांढऱ्या टोपीवर, सदऱ्यावर एक शिंतोडा नव्हता. पोरगा मान वळवून मागं बघत होता, हात हलवत होता, आणि रखमाजीची नजर चाकावरून हलत नव्हती.

आपण त्याला हात केला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मोटार वळणाआड गेली होती. तरी त्यानं हात वर केला, आणि बराच वेळ तसाच धरला.